आजारी पडावे तर आदल्या वर्षी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'शिष्यवृत्तीबाबत पालकच उदासीन' ही कालच्या अंकातली बातमी वाचली. त्यात अधिकारी साहेब बोलले ते तुम्ही जसेच्या तसे छापलेत. एखाद्या पालकालाही फोन लावला असता तर बरे झाले असते.

माझे दाजी वाळूजच्या एका कंपनीत होते. ओव्हरटाइम धरून वर्षाचे उत्पन्न ८ लाखांच्या जरासे वर जायचे, त्यामुळे तेवढीच उत्पन्न मर्यादा असलेल्या राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत ते घर कधी बसले नाही. त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती. मे महिन्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. कंपनीने थोडे दिवस पगार दिला, मग हात जोडले. भाचा इंजिनिअरिंगला. निदान निम्मे शिक्षण शुल्क तरी सुटेल म्हणून यंदा पहिल्यांदा अर्ज भरला. उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा, आणि त्या वर्षी माणूस धडधाकट कमावत होता. अर्ज बाद!

डिस्चार्ज कार्ड, कंपनीचे पत्र, पगार थांबल्याचे पासबुक असे सगळे पिशवीत घालून बहीण कॉलेजात गेली. खिडकीवरचा क्लार्क भला माणूस. त्याने स्क्रीनच तिच्याकडे वळवली. "ताई, दाखल्याचा बारकोड टाकला की आकडा आपोआप येतो. मला त्याला हात लावता येत नाही. आणि हे तुमचे कागद टाकायला इथं रकानाच नाही." तहसीलला गेलो तर म्हणाले, एप्रिलनंतर या. ऑनलाइन तक्रार केली, ती कुणी न विचारता 'निकाली' निघाली. एप्रिलात दाखला निघेलही, पण यंदाच्या फीसाठी पाटल्या सोनाराकडे गेल्या त्या गेल्याच. थोडक्यात, दाजींना आजारी पडायचेच होते तर त्यांनी आदल्या वर्षीच्या एप्रिलात पडायला हवे होते.

उदासीन म्हणतात ते हेच पालक का?

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली गावेच्या गावे पाण्यात गेली, तेव्हा शासनाने बाधित भागातल्या विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क माफ केले. योग्यच केले. म्हणजे वर्षाच्या मध्येच घर कोलमडू शकते, हे शासनाला कळते. फक्त तालुकाच्या तालुका बुडावा लागतो. पिकाचा पंचनामा करणारा तलाठी एका घराचा करू शकत नाही का? अमेरिकेत तर शिक्षणाच्या मदतीसाठी दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरतात, पण नोकरी गेली, कमावता माणूस गेला तर कागद दाखवून फेरविचार मागता येतो, आणि आकडा बदलायचा अधिकार कॉलेजच्याच मदत कार्यालयाला असतो. आपल्याकडे तेवढा अधिकार तहसीलदारांना द्यावा, अपिलाला मुदत ठरवावी आणि निकाल कारणासह लेखी द्यावा.

जाता जाता आणखी एक. अर्जाची मुदत वाढल्याची बातमी तुमच्याकडे आतल्या पानावर, निविदा सूचनेच्या खाली, चार ओळींत होती. त्याच दिवशी पहिले पान एका भाऊंच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांनी भरले होते. भाऊंना आमच्याही शुभेच्छा. मुदतीची बातमी तेवढी पुढच्या वेळी पहिल्या पानावर घ्या.

आपला,
एक वाचक, पैठण