हे वाक्य बोलले कोण?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शेवटच्या पानावर रोज एक सुविचार असतो. अलीकडे त्या चौकटीत ‘तुझा आरंभ अल्प असला तरी तुझा शेवट फार मोठा होईल’ हे वाक्य आले आणि खाली नुसते ‘बायबल’ असे छापले होते. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरांतही हे वाक्य भारी आवडीचे. दुकानाच्या उद्घाटनाला, नव्या घराच्या प्रार्थनेला ते हमखास वाचले जाते. तेव्हा बोल एकट्या आपल्याला लावत नाही. पण हे वाक्य कोण, कोणाला आणि कुठल्या वेळी म्हणाला, हे वाचकांना कळायलाच हवे.

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातले हे सातवे वचन. बोलणारा आहे ईयोबाच्या तीन मित्रांपैकी एक, बिल्दद शूही. ऐकणाऱ्या ईयोबाची सात मुलगे आणि तीन मुली अशी दहाही लेकरे थोरल्या भावाच्या घरी जेवत असताना वादळाने घर कोसळून गेली आहेत, आणि तो स्वतः अंगभर गळवे घेऊन राखेत बसला आहे. अशा बापाला बिल्दद चौथ्या वचनात काय सांगतो? तुझ्या मुलांनी देवाविरुद्ध पाप केले असेल, म्हणून त्याने त्यांना त्यांच्या अपराधाच्या हवाली केले! सातव्या वचनातले गोड आश्वासन या चौथ्या वचनाच्या पोटातून आले आहे. तू शुद्ध असशील तर तुझे भले होईल. भले झाले नाही, तर तू शुद्ध नाहीस, हे ओघानेच आले. पुढे बेचाळिसाव्या अध्यायात देव त्या तिघांपैकी अलीफजाला स्पष्ट सांगतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. माझा सेवक ईयोब बोलला. देवाशी वाद घालणारा खरा ठरला आणि देवाची वकिली करणारे खोटे ठरले. देवाने ज्यांच्यावर रोष धरला, त्यांचे बोलणे आपण देवाचे आश्वासन म्हणून भिंतीवर लावतो.

इतक्या आग्रहाने लिहितो, कारण बिल्दद अजून घरोघर फिरतो आहे. आमच्या ओळखीच्या एका बाईंच्या मुलाला जन्मापासून दिसत नाही. प्रार्थनेला आलेल्या मंडळींपैकी एकाने, बाई चहाचे कप भरत असताना, सगळ्यांदेखत विचारले, “घरात कोणाचे कबूल न केलेले पाप तर राहिले नाही ना?” बाईंनी काही उत्तर दिले नाही, कप तेवढे पुढे केले. शेजारपाजारचे लोक त्यांना गेल्या जन्मीचे भोग म्हणतात, आम्ही आईबापांचे पाप म्हणतो. बोट मात्र दोघांचेही त्यांच्याकडेच.

नेमका हाच प्रश्न योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात शिष्य विचारतात. हा मनुष्य आंधळा जन्मला, तर पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? येशू म्हणतो, ह्याचेही नाही आणि त्यांचेही नाही. देवाची कार्ये ह्याच्या ठायी प्रकट व्हावीत म्हणून. हे उत्तर एकटे वाचले तर मला ते जड जाते. काहीतरी दाखवण्यासाठी देवाने एका माणसाला इतकी वर्षे अंधारात ठेवले काय? पण येशू तिथे थांबत नाही. दिवस आहे तोवर आपल्याला कामे केली पाहिजेत, असे तो लगेच म्हणतो, जमिनीवर थुंकून चिखल करतो, त्याच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हे नव्हती, हेही इथे ध्यानात घ्यावे. तिसरे आणि चौथे वचन एका दमात वाचले की सारा जोर कारणावरून कामावर येतो.

या नवव्या अध्यायाचा पुढचा भाग तर त्याहून बोलका आहे. बरे करण्याची हकीकत दोनच वचनांत आटोपते. मग आठव्या वचनापासून चौतिसाव्यापर्यंत येशू समोर येतच नाही. त्या माणसाला आधी शेजारी, मग परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी, विचारतात, आईबापांना बोलावून घेतात, पुन्हा त्यालाच उभे करतात. आईबाप सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भीतीने म्हणतात, तो वयात आला आहे, त्यालाच विचारा. शेवटी परूशी ओरडतात, तू सर्वस्वी पापात जन्मलास आणि आम्हाला शिकवतोस काय? आणि त्याला हाकलून देतात. दुसऱ्या वचनात शिष्यांनी प्रश्न म्हणून विचारले, तेच चौतिसाव्यात निकाल म्हणून येते. मग येशू हाकललेल्या माणसाला शोधून काढतो. एकेचाळिसाव्या, म्हणजे शेवटच्या वचनात तो परूश्यांना सांगतो की तुम्ही आंधळे असता तर तुमच्याकडे पाप नसते. पण ‘आम्हाला दिसते’ असे तुम्ही म्हणता, म्हणून तुमचे पाप तसेच राहते. पाप कोणाचे, याचे उत्तर योहानाने देऊन ठेवले आहे.

यावर मंडळीतले काही जाणते योहानाच्याच पाचव्या अध्यायाकडे बोट दाखवतील. अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसाला येशू म्हणतो, पुन्हा पाप करू नकोस, नाहीतर याहून वाईट होईल. ते वचन आहे, ते मी झाकत नाही. पण तो माणूस आधी बरा झाला आहे, आणि हे शब्द नंतर मंदिरात भेटल्यावर खुद्द त्यालाच सांगितलेले आहेत. त्यावरून तिऱ्हाइताने दुसऱ्याच्या दुखण्याचा हिशेब मांडावा, हा अधिकार कोणालाच मिळत नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक दोषी होते काय, यावर येशूचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. पश्चात्ताप करायला तो ऐकणाऱ्यांना सांगतो.

आपल्याला विनंती एवढीच की बायबलमधले वाक्य छापताना पुस्तक, अध्याय, वचन आणि बोलणाऱ्याचे नाव द्यावे. जागा अपुरी पडत असेल तर वाक्य लहान निवडावे. आणि माझ्या मंडळीतल्या भावाबहिणींना विनंती की त्या बाईंच्या घरी पुढच्या वेळी जाल तेव्हा योहानाचा नववा अध्याय पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचा, आणि मुलाला ब्रेल शिकवणारी शाळा शोधायला त्यांना मदत करा.

आपला नम्र,
एक वाचक, अहिल्यानगर