पेटंटवरची हरकत साथ येण्याआधीच घ्यावी लागते

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल २०२१ मध्ये मुंबईतल्या औषधांच्या दुकानांबाहेर रेमडेसिव्हिरसाठी रांगा लागल्या होत्या, तेव्हा आमच्याच इमारतीतल्या एका काकांनी रात्री साडेअकराला माझे दार वाजवले. ‘तुम्ही औषधांच्या पेटंटची कामे करता ना, मग एक तरी इंजेक्शन मिळवून द्या,’ असे ते म्हणाले. मला काही करता आले नाही. साथ आली की पेटंट मोडीत काढा, अशी मागणी अधूनमधून होते, म्हणून त्या रात्री सुचले नव्हते ते आज लिहितो आहे.

रेमडेसिव्हिरच्या तुटवड्याचे कारण पेटंट नव्हतेच. मूळ अमेरिकी कंपनीने मे २०२० मध्येच काही भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने दिले होते. घोळ झाला तो उत्पादन आणि वाटपाच्या नियोजनात. पेटंट कायद्याच्या कलम ९२ मध्ये आणीबाणीच्या वेळी सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना इतरांना औषध बनवू देणारा परवाना, देण्याची सोय आहे, मात्र त्यासाठी केंद्राने अधिसूचना काढावी लागते, आणि कोविडच्या काळात ती निघाली नाही. तरीही नुसत्या अर्जालाही वजन असते. मे २०२१ मध्ये बॅरिसिटिनिब या कोविडवर वापरल्या जाणाऱ्या औषधासाठी नॅटको या भारतीय कंपनीने सक्तीच्या परवान्याचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात मूळ कंपनीने आपणहून परवाना दिल्यावर तो मागे घेतला.

वकिलाचे खरे काम मात्र साथीच्या कितीतरी आधी, कोणाचे लक्ष नसताना चालते. औषधाच्या मूळ रेणूच्या पेटंटची वीस वर्षे संपण्याच्या बऱ्याच आधी कंपनी मक्तेदारी लांबवण्यासाठी त्याच रेणूच्या एखाद्या क्षारासाठी, म्हणजे त्याच औषधाच्या थोड्या वेगळ्या रासायनिक रूपासाठी, नवा अर्ज दाखल करते. आम्ही त्या अर्जातला एकेक दावा वाचतो, जुन्या शोधनिबंधांत तीच गोष्ट कुठे आली आहे ते धुंडाळतो, सापडली की समासात पेन्सिलीने खूण करतो. कंटाळवाणे काम आहे, आणि घरच्यांना ते समजावून सांगण्याचा नाद मी केव्हाच सोडला आहे.

बेडाक्विलिनचे उदाहरण मुंबईकरांनी तरी विसरू नये. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरचे हे औषध. त्याच्या फ्युमारेट क्षाराला पेटंट मिळाले असते तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. क्षयातून बऱ्या झालेल्या दोन तरुणींनी २०१९ मध्ये त्यावर पेटंटपूर्व हरकत नोंदवली. एक मुंबईची, दुसरी दक्षिण आफ्रिकेची. उपचारांच्या इंजेक्शनांनी दोघींचीही श्रवणशक्ती हिरावून घेतली होती. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला, जुलैमध्ये मूळ पेटंटची मुदत संपली आणि इतर कंपन्यांना उत्पादनाची वाट मोकळी झाली. चार वर्षे लागली, हेही ध्यानात घ्यावे.

पेटंट मिळण्याआधी कोणाही व्यक्तीला अशी हरकत घेता येते, हे आपल्या कायद्याच्या कलम २५ चे मोठेपण आहे. पूर्वी त्यासाठी एक रुपयाही शुल्क नव्हते. मार्च २०२४ च्या सुधारित नियमांनी शुल्क लावले आणि हरकत ग्राह्य आहे की नाही, हे पेटंट कार्यालयाच्या नियंत्रकाने आधी ठरवायचे असे केले. नावापुरत्या माणसाला पुढे करून निव्वळ वेळ काढण्यासाठी हरकती घेतल्या जातात, ही तक्रार खोटी नाही. तसे प्रकार मीही पाहिले आहेत. परंतु त्यांना आळा घालायचा तर हरकत घेणाऱ्याने समोरच्याचा खर्च भरून द्यावा, असे आदेश काढता येतात. शुल्काचा भार कंपन्यांना जाणवतही नाही. तो जाणवतो अशा तरुणींना आणि रुग्णांच्या छोट्या संघटनांना.

तेव्हा रुग्ण आणि रुग्णसंघटनांनी घेतलेल्या हरकतींना या शुल्कातून पूर्ण सूट मिळावी, आणि मुंबईच्या खासदारांनी हा विषय संसदेत मांडावा, अशी आपल्या पत्राद्वारे विनंती करतो.

आपला,
एक वकील,
माटुंगा, मुंबई