खुले पत्र: आमच्या विहिरीचं पाणी कुठे गेलं, मंत्रिमहोदय?

मा. मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

परवा रात्री माझ्या सासूबाई विहिरीवर पडल्या. वय 76, खुब्याचं हाड मोडलंय. पाणी मीच भरते, पण मला ताप होता. रात्री दोनच्या सुमारास झऱ्याला थोडं पाणी येतं म्हणून त्या कुणाला न सांगता गेल्या. सकाळी मी कळशी वर ओढली, तर आत बोटभर तांबडा गाळ.

रत्नागिरी जिल्ह्यातली ही विहीर माझ्या आजेसासऱ्यांनी खणली. मे महिन्यातही दोन पुरुष पाणी असायचं. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, चिरेखाण सुरू झाली आणि तिसऱ्या उन्हाळ्यात तळ दिसला. जांभा, म्हणजे आमचा तांबडा सच्छिद्र दगड, पाऊस पितो, ते पाणी खालच्या चिकणमातीवर अडतं आणि झऱ्यांवाटे आमच्यापर्यंत येतं. तो जांभाच चिरे पाडून ट्रकात गेला. खड्ड्यात उरलेलं पाणी मोटर लावून व्हाळात, म्हणजे ओढ्यात सोडतात. मग विहिरीला येणार कुठून?

गणपतीच्या आधी बैठक झाली. पाण्याची तपासणी होईपर्यंत खाण बंद ठेवू, असा शब्द मिळाला. तपासायला कुणी आलं नाही. कटिंग मशीन आजही सकाळी सातला सुरू होतं, मी हे लिहितानाही ऐकू येतंय.

1993 सालच्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत दुसरी विहीर खणायला बंदी घातली. ही खाण वाडीच्या विहिरीपासून 300 पावलांवर आहे, मी स्वतः मोजलीत. हे सांगितल्यावर सरकारी साहेब म्हणाले, "तो नियम विहिरीला, खाणीला नाही." म्हणजे पाणी पिण्यासाठी खणलं तर गुन्हा आणि दगड विकण्यासाठी खणलं तर परवाना?

वाडीत 40 घरं. आठवड्याला टँकरच्या दोन खेपा. माणशी दिवसाला दोन कळश्याही येत नाहीत, गुरांचं तर विचारूच नका. 2011 मध्ये पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ समितीने रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खाणींबद्दल सावध केलं होतं. तो अहवाल सरकारनेच मागवला होता ना? मग वाचला कुणी? अहवाल मागवायचे, बैठका घ्यायच्या, शब्द द्यायचे, आणि शेवटी हंडा बाईच्याच डोक्यावर. मुंबईला गेलेली आमची पोरं विचारतात, गावी येऊन प्यायचं काय?

खाणीतली मोटर आज बंद करा. सड्याखालच्या प्रत्येक विहिरीची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. आणि पुढच्या खाणीला परवाना देण्याआधी आमच्या विहिरीत एकदा स्वतः डोकावा. सासूबाईंचं ऑपरेशन सोमवारी आहे. त्यानंतर कधीही या, मी घरीच असेन.

आपली,
वाडीतली एक सून