पेसनोट्स शिकवणाऱ्या ताईंना, साताऱ्याहून

ताई,

बोरणे घाटात धुकं उतरलं की ठोसेघरच्या रस्त्यावर पुढचं वळण दिसत नाही. मोटार रॅलीची स्टेज, म्हणजे वेळ मोजला जाणारा टप्पा, बंद रस्त्यावर असते, पण तिथेही धुकं असतंच. मग चढाच्या माथ्यापलीकडे नुसतं आभाळ दिसत असताना ड्रायव्हर पाय उचलत नाही, तो शेजारच्या सीटवरच्या नेव्हिगेटरच्या आवाजाच्या भरवशावर. तो आवाज पेसनोट्स वाचत असतो, म्हणजे पुढच्या वळणांच्या आधीच लिहून ठेवलेल्या नोंदी. रॅलीतला सगळा थरार त्या एका क्षणात आहे. तो आवाज कसा घडवायचा, हे तुम्ही स्वतःचे रविवार मोडून साताऱ्याच्या पोरापोरींना शिकवलंत. त्याचे हे जाहीर आभार.

वळणांना १ ते ६ आकडे. १ म्हणजे जवळजवळ हेअरपिन, ६ म्हणजे पाय न उचलता निघण्यासारखं. काही जोड्या नेमकं उलटं मोजतात, म्हणून नवी जोडी जमली की आधी हेच विचारून घ्या, ही तुमची ताकीद. रेकीच्या, म्हणजे रस्ता आधी पाहून नोंदी करण्याच्या, पहिल्या फेरीत आकडा ड्रायव्हरने सांगायचा, कारण वळणाचा अंदाज स्टिअरिंगवरच्या हातांना येतो. दुसऱ्या फेरीत नेव्हिगेटरने वाचायचं आणि चुकलेलं दुरुस्त करून घ्यायचं. सराव खुल्या रस्त्यावर असेल तर वेग ४० च्या आत, यात तुम्ही कुणाला सूट दिली नाहीत.

तुमच्या वहीतली एक ओळ पाठच झाली आहे: ‘८० राइट ४ डोन्ट कट, ५० क्रेस्ट, इन्टू लेफ्ट ३ टाइटन्स.’ म्हणजे ८० मीटरवर उजवीकडे ४ चं वळण, आतून कापू नको; मग ५० मीटरवर चढाचा माथा, त्याला लागूनच डावीकडे ३ चं, पुढे आवळणारं वळण. ‘डोन्ट कट’खाली दोन रेघा. आतल्या कडेला गवतात जांभ्याचा दगड आहे. चाक त्यावर गेलं तर टायर फुटतो, रिम वाकते, नशीब खोटं असेल तर चाक वळवणारा टाय रॉडही जातो. आणि ‘टाइटन्स’ कधीच गाळायचं नाही. वळण पुढे आवळतंय हे उशिरा कळलं, की ड्रायव्हर घाईने ब्रेक दाबतो, मुरमावर पुढची चाकं घसरतात आणि गाडी सरळ बाहेर जाते.

सगळ्यात जास्त मेहनत तुम्ही वाचण्याच्या वेळेवर घेतलीत. ताशी १०० किमीला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. हे वळण सुरू असतानाच पुढची नोट कानात पडायला हवी. त्याआधी सांगितली तर डोक्यातून निसटते. आवाज एका पट्टीत ठेवायचा. नेव्हिगेटर ओरडला की ड्रायव्हर बिचकतो. दोन पानं एकदम उलटली तर अंदाजाने वाचायचं नाही, सरळ ‘लॉस्ट’ म्हणायचं, ड्रायव्हरने नजरेवर चालवायचं, ओळखीची खूण आली की पुन्हा धरायचं. पानाची शेवटची नोट पुढच्या पानावर परत लिहायची, ती याचसाठी. आणि पेन्सिलच, कारण ओल्या हाताने शाई पसरते.

अंतर मोजणाऱ्या ट्रिपमीटरचा सेन्सर इंजिनाची ताकद न मिळणाऱ्या चाकावर बसवायचा, हेही तुमच्याकडूनच कळलं. खडीवर ओढणारं चाक जागेवर फिरतं आणि अंतर जास्त दाखवतं. टाइम कंट्रोलला, म्हणजे ठरल्या मिनिटाला पोचायच्या चौकीवर, एक मिनिट उशीर झाला तर १० सेकंद दंड, एक मिनिट लवकर गेलं तर पूर्ण एक मिनिट. हा आंतरराष्ट्रीय नियम तुम्ही फळ्यावरून कधी पुसू दिला नाहीत.

नव्या बॅचच्या वह्या आल्या आहेत, वरून स्पायरल असलेल्याच. रविवारी सकाळी सहाला पोवई नाक्यावर जमतोय. पहिल्या पानावरच्या ‘डोन्ट कट’खालच्या दोन रेघा तुम्ही ओढाव्यात, एवढीच विनंती.

तुमचीच,
साताऱ्याची पोरंपोरी