लाटणं पाठवते आहे

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले बिस्किटांचे फोटो पाहिले. काही फिकट, काही करपलेली, आणि सगळी एकाच ट्रेमधली. तू ओव्हनला दोष देतोस, पण मला लाटण्याचा संशय आहे. ते लाटणं मीच तुझ्या सामानात घातलं होतं. आपलं पोळीचं लाटणं मध्ये फुगीर, टोकांना निमुळतं. पोळीला तेच लागतं, कारण एका बाजूला जरा दाब दिला की ती पोळपाटावर आपसूक फिरते. बिस्किटाचं पीठ फिरत नाही. लाटण्याच्या पोटाखालचं पीठ पातळ होतं, कडेचं जाड राहतं, आणि त्यातून कापलेली पातळ चकती आधी करपते.

म्हणून तुझ्यासाठी सरळसोट लाटणं केलं आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीचं. लांबी ४५० मिलिमीटर, मुठी नाहीत. तळवे थेट लाकडावर ठेवलेस की पीठ कुठे जाड आहे ते हाताला कळेल.

लाकूड शिसवाचं आहे. आबांनी माळ्यावर ठेवलेला तुकडा होता. लाकूड सुकायला इंचाला एक वर्ष धरायचं असं ते सांगायचे. हा तर त्यांच्या माघारी बारा वर्षं पडून होता. घरात सागही होता, पण सागाची छिद्रं मोठी, त्यांत लोणी आणि मैदा बसला असता. शिसव घट्ट आणि जड. थंड, कडक पीठ लाटताना ते वजन तुझ्या खांद्यांचं काम हलकं करेल.

सावंतवाडीच्या चितारआळीतल्या एखाद्या कातारी कारागिराने हे चरकावर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, सहज करून दिलं असतं. पण आबांचा रंधा घरात असताना मला ते पटेना. लहानपणी त्यांच्यासमोर बसून मी हे किती वेळा पाहिलंय! आधी ४८ मिलिमीटरचा चौरस दांडा नीट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणायचा. मग प्रत्येक बाजूवर १४, २०, १४ अशा रेघा मारायच्या आणि चारही कोपरे त्या रेघांपर्यंत रंधायचे. आठ सारख्या बाजू मिळतात. मग त्या आठांचे सोळा करायचे. तिथून पुढे मोजमाप संपतं, बोटं सांगतील तसं जायचं. घाई करून आठाच्या आधीच गोल करायला गेलं की दांडा अंड्यासारखा होतो; माझा पहिला तुकडा तसाच गेला.

शिसवाच्या रेषा उलटसुलट असतात. एका जागी रंध्याने लाकूड ओरबाडलं, तेव्हा पातं अगदी थोडं बाहेर ठेवून उलट बाजूने रंधलं. ती खूण टोकाजवळ अजून दिसते. तिथे आणखी घासलं असतं तर खड्डा पडला असता, म्हणून राहू दिली. (भुसा नाकाला फार झोंबतो, मी रुमाल बांधला होता. काळजी करू नकोस.)

सरळ झालं की नाही ते ओट्याच्या कडाप्प्यावर लोळवून पाहिलं. खालून उजेड दिसला की दुसऱ्या बाजूचा उंचवटा शोधायचा, तिथे पॉलिश पेपर. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. मग ओल्या फडक्याने पुसलं, वाळल्यावर उभे राहिलेले तंतू पुन्हा घासले. हे आता केलं नसतं, तर तू पहिल्यांदा पुसलंस तेव्हाच ते खरखरीत झालं असतं.

वर व्हार्निश नाही, त्याचे पापुद्रे पिठात येतात. खाण्यायोग्य मिनरल ऑइल आणि मधमाशांचं मेण चोळलंय. खोबरेल किंवा शेंगतेल लावू नकोस, ते खवट होतं. पाण्यात भिजत ठेवू नकोस; ओल्या फडक्याने पूस आणि लगेच कोरडं कर. कोरडं वाटलं की पुन्हा तेल.

जुनं लाटणं मात्र पोळ्यांसाठीच ठेव, टाकू नकोस.

सोबत ६ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या आहेत, त्याच लाकडाच्या. पिठाच्या दोन्ही बाजूंना ठेव आणि लाटणं त्यांच्यावरून फिरव, म्हणजे पीठ त्याहून पातळ होणारच नाही. पहिला घाणा झाला की फोटो पाठव, कडेची आणि मधली बिस्किटं शेजारी शेजारी ठेवून.

तुझी आई