रकाना रिकामा, निष्कर्ष मात्र ठाम

महोदय,

वृत्तपत्रांतील आलेख आणि तक्ते बहुधा कुठल्या ना कुठल्या डेटाबेसवर चालवलेल्या एसक्यूएल क्वेरीतून, म्हणजे त्याला विशिष्ट भाषेत विचारलेल्या प्रश्नातून, आलेले असतात. क्वेरी चुकली तर डेटाबेस एरर देईलच, असा सर्वसाधारण समज असतो. न भरलेली माहिती आणि कालावधी या दोन गोष्टी एकत्र आल्या की तो समज फोल ठरतो, कारण अशी क्वेरी विनातक्रार चालते आणि चुकीचा आकडा देऊन मोकळी होते.

रुग्णालयाच्या नोंदींचे उदाहरण घेऊ. टेबलमध्ये दाखल झाल्याची तारीख आणि डिस्चार्जची तारीख असे दोन कॉलम असतात, आणि जो रुग्ण अजून दाखल आहे त्याच्या ओळीत दुसरा कॉलम साहजिकच नल, म्हणजे रिकामा, असतो. अमुक दिवशी किती रुग्ण दाखल होते हे काढण्यासाठी ‘दाखल तारीख त्या दिवशी किंवा त्याआधी, आणि डिस्चार्ज त्यानंतर’ अशी अट लिहिली जाते, जी वाचायला बिनचूक वाटते. परंतु नलशी केलेल्या तुलनेचे उत्तर एसक्यूएलमध्ये खरेही नसते आणि खोटेही नसते, ते ‘अज्ञात’ असते. ओळी निवडणाऱ्या व्हेअर या भागातून मात्र फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी पुढे जातात. त्यामुळे आज प्रत्यक्ष खाटेवर असलेले रुग्णच मोजणीतून गळतात. जुन्या महिन्यांचे आकडे जवळजवळ बरोबर येतात, अलीकडचे घटतात, आणि शेवटाकडे झुकलेला आलेख पाहून रुग्णसंख्या ओसरू लागल्याचा निष्कर्ष काढला जातो. ‘किंवा डिस्चार्ज नल आहे’ ही अट योग्य कंसात जोडली की मोजणी सुधारते. सरासरी मुक्कामाचे दुखणे अधिक खोल आहे: सरासरी काढणारे ॲव्हरेज हे फंक्शन नल वगळत असल्यामुळे लांबलेले चालू मुक्काम हिशेबात येतच नाहीत, आणि त्यावर एका ओळीचा इलाज नाही.

हा काही कुठल्या एका सॉफ्टवेअरचा दोष नव्हे. माहिती तक्त्यांत मांडणाऱ्या रिलेशनल मॉडेलचे जनक एडगर कॉड यांनी १९७९ च्या लेखातच नलसाठी खरे, खोटे आणि अज्ञात अशा तीन मूल्यांच्या तर्काची चर्चा केली होती.

यावर नलच्या जागी दुसरे मूल्य देणारे कोअलेस लावून शून्य भरण्याचा जो उपाय सर्रास होतो, तो माझ्या मते मूळ दुखण्याहून वाईट आहे. दिवसाच्या २४ तासांपैकी २० तासांचेच तापमान नोंदले गेले आणि त्यांची बेरीज ६०० अंश असेल, तर ॲव्हरेज ३० देते. शून्य भरताच तेच उत्तर २५ होते. अर्थात हुकलेले चारही तास पहाटेचे असतील तर ३० वरही विसंबता येत नाही. त्या तासांच्या ओळीच नसतील तर नलसुद्धा दिसत नाही आणि आलेखाची रेषा खंडावरून सरळ पुढे जाते. त्यासाठी सर्व तासांचे वेगळे टेबल करून त्याला नोंदी लेफ्ट जॉइनने, म्हणजे नोंद नसलेले तासही राखून, जोडाव्या लागतात. तसे करताना नोंदींवरची अट जोडणीच्या ऑन या भागात न लिहिता व्हेअरमध्ये लिहिली, तर रिकामे तास पुन्हा गायब होतात.

कालावधीच्या टोकाशीही अशीच गफलत होते. वेळेसह असलेल्या कॉलमवर १ ते ३१ तारखेसाठी बिटवीन (‘या दोहोंच्या दरम्यान’) वापरले की ३१ तारीख मध्यरात्री ००:०० लाच संपते आणि त्या दिवसाचे बाकी सर्व व्यवहार बाहेर राहतात. ‘१ तारखेपासून, पुढील महिन्याच्या १ तारखेच्या आधी’ असे लिहिणे हाच खात्रीचा मार्ग आहे, कारण शेवटी २३:५९:५९.९९९ लावण्याची युक्ती केली तर एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या जुन्या डेटटाइम प्रकारात ती वेळ पुढच्या दिवसावर ढकलली जाते.

आपणांस विनंती अशी की, प्रत्येक सरासरीसोबत ती किती नोंदींवरून काढली आणि किती नोंदी रिकाम्या होत्या हे छापावे, आणि आलेखातील अपुरा, चालू कालखंड तुटक रेषेने दाखवावा.

आपला,
एक नियमित वाचक