बिनचौकटीच्या काचा : सजावट नव्हे, बांधकाम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरसजावटीच्या पुरवण्यांतून आणि जाहिरातींतून बाल्कनी व गच्ची बंद करण्यासाठीच्या बिनचौकटीच्या सरकत्या काचांचे बरेच कौतुक वाचायला मिळते. ते निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मध्ये उभ्या पट्ट्या नसल्याने समोरचे दृश्य तुटत नाही. तावदाने एकामागून एक सरकवत कडेला नेऊन दारासारखी आत वळवता येतात आणि ती आत वळत असल्यामुळे काचेची बाहेरची बाजूही घरातच उभे राहून पुसता येते. उंच मजल्यावर राहणाऱ्यांना ही सोय किती मोलाची वाटते, हे वेगळे सांगायला नको. धूळ, पावसाची झड आणि थोडाफार आवाजही अडतो. मात्र वजन, वारा आणि स्लॅबची कड यांविषयी त्या मजकुरात अवाक्षर नसते. हे काम सजावटीचे नसून बांधकामाचे आहे आणि ते करणाऱ्याने, करवून घेणाऱ्याने व त्याला परवानगी देणाऱ्याने तसेच समजले पाहिजे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

चौकट काढून टाकली तरी चौकटीचे काम कोणाला तरी करावेच लागते. साध्या खिडकीची काच चारही बाजूंनी धरलेली असते. इथे ती फक्त वर आणि खाली धरलेली असते, आणि दोन तावदानांच्या मधल्या बारीक फटीत फार तर पारदर्शक पट्टी असते. अशा काचेवर वाऱ्याचा दाब आला की ती मधोमध वाकते, आणि हा वाक उंचीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे जाडी व दाब तेच ठेवून उंची दुप्पट केली तर वाक सोळापट होतो. जाडीचा परिणाम तिसऱ्या घाताने होत असल्याने ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरची काच घेतली, तर वाक जवळजवळ निम्म्यावर येतो. अशा वेळी 'काळजी करू नका, काच टफन्ड आहे' हे विक्रेत्याचे ठरलेले उत्तर अपुरे पडते. टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड केलेली काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते हे खरे, पण तिचा ताठपणा साध्या काचेइतकाच असतो. ती उशिरा फुटेल. कमी वाकणार मात्र नाही. म्हणून जाडी ठरते ती उंचीवरून आणि त्या जागी येणाऱ्या वाऱ्यावरून, दुकानात लावलेल्या नमुन्यावरून नव्हे.

आता वजनाचे पाहू. एक चौरस मीटर काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो भरते. १० मिलिमीटर जाडीची आणि २.४ मीटर उंचीची काच घेतली, तर दर मीटर लांबीला ६० किलो होतात, आणि चार मीटर लांबीच्या बाल्कनीला चॅनेल (तावदाने जिच्यात सरकतात ती धातूची खाच), रोलर व बिजागऱ्या सोडूनच २४० किलो होतात. हा आकडा एरवी भीती वाटावी इतका मोठा नाही. चार माणसे बाल्कनीत उभी राहिली तरी तेवढा भार येतो. पण भिंतीतून बाहेर काढलेल्या स्लॅबच्या बाबतीत भार किती, याइतकेच तो कुठे आहे यालाही महत्त्व असते. सगळ्या बाल्कनीवर सारखा पसरलेला भार स्लॅबच्या मुळाशी जेवढा ताण देतो, त्याच्या दुप्पट ताण तोच भार पुढच्या कडेवर ठेवल्यास येतो, आणि काच तर नेमकी कडेवरच असते. शिवाय माणसे थोड्या वेळाने आत जातात, काच कायम तिथेच राहते. आणखी एक गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही : काचा उघडल्या की सर्व तावदाने एकाच कोपऱ्यात गोळा होतात, म्हणजे एरवी चार मीटरवर वाटलेले वजन पुस्तकांच्या गठ्ठ्यासारखे हातभर जागेत येऊन बसते.

हे वजन कोणाच्या स्लॅबवर येते, हाही प्रश्न आहे. काही रचनांत तावदाने खालच्या चॅनेलमधील रोलरवर चालतात, काहींत ती वरच्या चॅनेलला टांगलेली असतात. टांगलेली असतील तर आपल्या काचेचा भार वरच्या घराची बाल्कनी उचलते आणि त्या घरमालकाला त्याचा पत्ताही नसतो! काँक्रीट वर्षानुवर्षे हळूहळू वाकत राहते, त्यामुळे वरच्या बाजूला हालचालीसाठी मोकळीक आणि पातळी जुळवण्याची सोय ठेवलेली असावी लागते. ती नसली की आधी काचा अडकू लागतात आणि मग त्यांच्यावर नको तो दाब येतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला २० मीटर वेगाचा वारा चौरस मीटरला सुमारे २५ किलोचा दाब देतो, तर ४० मीटर वेगाचा वारा जवळजवळ १०० किलोचा. उघड्या बाल्कनीत हा वारा थेट मागच्या भिंतीवर जातो, जी त्याच हिशेबाने बांधलेली असते. काचा बंद असल्या की तोच दाब वरच्या व खालच्या चॅनेलमधून काही बोल्टांवर येतो. ते बोल्ट गिलाव्यात, विटेत किंवा स्लॅबच्या अगदी कडेवरच्या पातळ काँक्रीटमध्ये ठोकलेले असतील, तर काच कितीही उत्तम असली तरी उपयोग नाही. पक्की पकड कुठे मिळते आणि कडेपासून किती अंतर सोडायचे, हे पाहण्यासाठी अभियंताच लागतो. मापे घ्यायला आलेल्या कारागिरावर ते सोपवणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे.

काचेच्या प्रकाराबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इथला धोका घरातल्या माणसापेक्षा खालून जाणाऱ्याला अधिक असतो. टफन्ड काच सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. म्हणूनच ती फुटते तेव्हा संपूर्ण फुटून तिचे बारीक, बोथट तुकडे होतात, आणि म्हणूनच एकदा टफन्ड झाल्यावर ती कापता येत नाही किंवा तिला भोक पाडता येत नाही. क्वचित तिच्यात निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहून जातो. तो काळाच्या ओघात फुगतो आणि कोणी हात न लावता, अगदी काही वर्षांनीही, काच आपोआप फुटू शकते. कारखान्यातच काच पुन्हा २५० ते ३०० अंशांच्या दरम्यान काही वेळ तापवून ठेवली, तर असे कण असलेल्या बहुतेक काचा तिथेच फुटून बाजूला होतात. या चाचणीला 'हीट सोक' म्हणतात. बोथट तुकडेसुद्धा दहाव्या मजल्यावरून एकमेकांना चिकटलेल्या ढेकळांच्या रूपात पडले, तर त्यांना निरुपद्रवी म्हणता येणार नाही. यासाठी पदपथाच्या किंवा खेळाच्या जागेच्या वर लॅमिनेटेड काचच असावी, असे माझे मत आहे. तिच्यात दोन काचांमध्ये चिवट पारदर्शक थर असतो, आणि एक काच फुटली तरी तुकडे त्याला धरून राहतात. अर्थात हा थर मऊ असल्याने ५ अधिक ५ मिलिमीटरची लॅमिनेटेड काच १० मिलिमीटरच्या एकसंध काचेपेक्षा जास्त वाकते, तेव्हा जाडीचा हिशेब पुन्हा करावा लागतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : तावदानाच्या कडेला निरखून पाहिले तर लॅमिनेटेड काचेत मधल्या थराची बारीक रेघ दिसते, आणि टफन्ड काचेच्या कोपऱ्यावर सहसा कारखान्याचा न पुसला जाणारा शिक्का असतो.

कठड्याविषयी तर दुमत असूच नये. सरकती काच म्हणजे कठडा नव्हे. काच बसली म्हणून रेलिंग काढून टाकणे किंवा बुटके करणे हा शुद्ध अविचार आहे.

बंद केलेल्या बाल्कनीत हवेचे काय होते, हेही पाहावे. काच उन्हाचा बहुतेक प्रकाश आत सोडते, पण तापलेल्या फरशीतून निघणारी उष्णता तिच्यातून थेट बाहेर जात नाही. फिनलंडसारख्या थंड देशात काचबंद बाल्कन्या सर्रास दिसतात त्या याच गुणामुळे. कडक उन्हाच्या प्रदेशात तोच गुण जाच ठरतो. तिथे सावली काचेच्या बाहेरच हवी, कारण आतला पडदा ऊन आत शिरल्यावर अडवतो. एअर कंडिशनरचे बाहेरचे युनिट त्याच बाल्कनीत असेल तर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत राहते. गॅसचा गीझर असेल तर प्रश्न गैरसोयीचा उरत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे जिवाचा होतो. आणि ज्यांना या काचांनी बाल्कनी कोरडी ठक्क होईल असे सांगितले गेले आहे, त्यांनी हे लक्षात घ्यावे की फटींतून थोडे पाणी येणारच. त्यासाठी खालच्या चॅनेलला निचऱ्याची भोके असतात आणि ती धुळीने बुजली की पाणी घरात वळते.

गच्चीची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे वरचे चॅनेल धरायला स्लॅबच नसतो, म्हणून धातूचा सांगाडा आणि छप्पर उभारावे लागते, आणि वारा अशा छपराला दाबतो तसाच वर उचलतोही. डोक्यावरच्या काचेला लॅमिनेटेडखेरीज पर्याय मानू नये.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. इमारतींच्या समित्यांनी परवानगीच्या अर्जासोबत काचेचा प्रकार व जाडी, एकूण वजन, भार वर की खाली, बोल्ट कशात बसणार आणि अभियंत्याची सही एवढे लेखी मागावे, आणि स्थानिक प्रशासनाची मंजुरी लागते का हेही आधीच पाहावे. आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी या विषयावर मजकूर छापताना छायाचित्राशेजारी हीच माहिती द्यावी. ज्या इमारतीत बाल्कनीखालचा गिलावा फुगला आहे किंवा गंजलेली सळई उघडी पडली आहे, तिथे स्लॅबची तपासणी व दुरुस्ती होईपर्यंत असा अर्ज विचारातही घेऊ नये.

आपला विश्वासू,
एक वाचक